लेकीला सांगितलं "संपलं", पण मी अर्ध्यातच थांबलेय

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या, लेक २३ वर्षांची, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते. वाढदिवसाला तिने आईला एक जाडजूड इंग्लिश चरित्र पाठवलं, मेरी वुल्स्टनक्राफ्ट आणि तिची मुलगी मेरी शेली या दोघी लेखिकांचं, एक प्रकरण आईचं मग एक लेकीचं असं आलटूनपालटून. लेकीने स्वतः ते दोन आठवड्यांत वाचून काढलं होतं. ताई पाच महिने वाचतायत आणि निम्म्याच्या जरा पुढे अडकल्यात. नावांचा गोंधळ होतो. आईची प्रकरणं मनापासून आवडतात, मुलीची आली की राग येतो ("सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या माणसाबरोबर पळून गेली, त्याचं कौतुक मी कशाला वाचू?"). स्वीडन-नॉर्वेच्या प्रवासाचं प्रकरण तीनदा वाचून झालं, पण त्याच्या पुढे जाववत नाही. लेक दर रविवारी फोनवर विचारते, "कुठपर्यंत आलीस?" एका रविवारी ताईंनी "संपलं" असं सांगून टाकलं, आणि शेवट कसा वाटला असं विचारल्यावर नेटवर वाचलेलं काहीतरी स्वतःचं मत म्हणून सांगितलं. आता लेक पुढच्या महिन्यात घरी येतेय आणि तिला पुस्तकावर आईशी निवांत बोलायचंय. महिन्याभरात कसंही करून संपवू, ऑडिओबुक लावू, की खरं सांगू? आणि शेवटी एक ओळ, "माझी वाचायची ताकदच संपली का?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले. स्वीडनचं प्रकरण तीनदा वाचलं, हे तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय, जणू तो तुमच्या अपयशाचाच पुरावा आहे. मला तर अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ज्याची वाचायची ताकद संपलेली असते ना, तो माणूस एकच प्रकरण तीनदा वाचत नाही, तो पुस्तक कपाटात ठेवतो आणि विसरून जातो. तुम्ही पुस्तकापासून लांब गेलेला नाहीत, उलट त्यातल्या एका जागी जाऊन बसलाय. मग त्या जागेत काय आहे ते आधी बघू, लेकीशी बोलायचं त्यानंतर.

१७९५ सालचा उन्हाळा. आई मेरी तेव्हा छत्तीस वर्षांची. गिल्बर्ट इम्ले नावाच्या अमेरिकन माणसावर तिचं प्रेम, लग्न झालेलं नाही, फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याच्यापासून फॅनी ही मुलगी झालेली, आणि तो आता तिला टाळायला लागलाय. त्या वसंतात तिने अफूचा अर्क घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ही बाई वर्षाच्या लेकीला आणि एका दाईला घेऊन निघते कुठे, तर त्याच माणसाचं चांदी घेऊन गेलेलं जहाज गायब झालंय त्याचा छडा लावायला, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क असं! तिथून आल्यावर पुन्हा एकदा, या वेळी थेम्स नदीत उडी, तेव्हाही लोकांनी वाचवलं. या दोन गोष्टींच्या मधे तो प्रवास आहे, आणि त्यातून तिचं सगळ्यात सुंदर पुस्तक तयार झालं, १७९६ मध्ये आलेलं, पंचवीस पत्रांचं.

त्यातल्या एका पत्रात ती लेकीबद्दल लिहिते, तेव्हा फॅनीला दाईपाशी मागे ठेवून ती एकटी पुढे नॉर्वेला गेलेली असते. तिला भीती वाटते की या मुलीचं मन मी फुलवलं, तिला विचार करायला शिकवलं, तर ज्या जगात तिला राहायचंय त्या जगासाठीच ती निकामी होईल की काय. हे कोण लिहितंय बघा. जिने तीनच वर्षांपूर्वी, १७९२ मध्ये, मुलींना मुलांसारखंच शिक्षण मिळालं पाहिजे म्हणून अख्ख्या इंग्लंडशी भांडण काढलं होतं ती. जगाला ठणकावून सांगताना तिचा हात थरथरला नाही, स्वतःच्या मुलीपाशी आल्यावर थरथरला.

तुमची लेक लांबच्या शहरात एकटी राहते, तुम्ही तिला शिकवलंत, वाचायला लावलंत, आणि आता तीच तुम्हाला पुस्तकं पाठवते. या पानांवर तुम्ही तीनदा थांबलात याचं मला तरी काहीच नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्हाला पुढे काय होणार ते माहितीये. अशा पुस्तकात लपवायला काही नसतंच, पहिल्या पानापासून माहीत असतं की आई दुसऱ्या बाळंतपणात जाणार. मुलगी मेरी जन्मली ३० ऑगस्ट १७९७ ला आणि आई गेली १० सप्टेंबरला, अडतीस वर्षांची होती. स्वीडनच्या प्रकरणानंतर आईकडे जेमतेम दोन वर्षं उरतात. म्हणजे तुम्ही जितकं पुढे वाचाल तितकी ती मरणाच्या जवळ जाणार, आणि न वाचता थांबलात तर ती तिकडे नॉर्वेच्या किनाऱ्यावरच राहणार, जिवंत. मला वाटतं तुम्ही तिला थांबवून धरलंय. असं मी पण केलंय, एका वेगळ्या पुस्तकाच्या बाबतीत, शेवटची चाळीस पानं मी वर्षभर वाचली नव्हती, त्यामुळे हे अंदाजाने म्हणत नाहीये.

आता तुमच्या रागाकडे येते. तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणणारच नाही. ती ज्याच्याबरोबर पळाली त्या कवी पर्सी शेलीची बायको हॅरिएट घरी गरोदर होती आणि तो २८ जुलै १८१४ ला सोळा वर्षांच्या मेरीला घेऊन फ्रान्सला निघून गेला, वर तिची सावत्र बहीण क्लेअर पण बरोबर. त्याचं कौतुक करायची काहीच गरज नाही आणि हॅरिएटचं पुढे जे झालं (१८१६ च्या डिसेंबरात तिने जीव दिला) ते वाचताना तर राग यायलाच हवा. पण तुमच्या पत्रात राग सगळा मुलीवरच निघालाय, हे जरा तपासून बघा. पर्सी एकवीस वर्षांचा होता, बाप झालेला माणूस. आणि मेरीचे वडील विल्यम गॉडविन, ज्यांनी लग्नसंस्थेच्या विरोधात लिहून नाव कमावलं होतं, त्यांनी मुलीशी बोलणं टाकलं ते थेट तिचं लग्न होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं, आणि त्याच काळात त्याच पर्सीकडे पैसे मात्र मागत राहिले. मला त्या प्रकरणांत सगळ्यात जास्त राग त्यांचा आला होता.

आणि आईची प्रकरणं आवडतात पण मुलीची नाही, असं म्हणताना एक गोष्ट निसटतेय. आईनेही लग्नाशिवाय मूल जन्माला घातलं होतं, तेही त्या काळात! ते तुम्ही समजून घेतलंत, कारण तिचं लहानपण तुम्ही वाचलंय, दारुड्या बापाने आईला मारू नये म्हणून ही पोरगी रात्र रात्र त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर पडून राहायची ते तुम्हाला माहितीये. मुलीला मात्र तुम्ही पळून गेली त्या दिवसापासून मोजताय. ती त्या दिवसापर्यंत कशी वाढली? घरात वडिलांच्या अभ्यासिकेत आईचं तैलचित्र टांगलेलं, स्वयंपाकघरात सावत्र आई, आणि वाचायची जागा म्हणून सेंट पँक्रसच्या दफनभूमीतली आईची कबर, तिथे जाऊन ती आईची पुस्तकं वाचत बसायची. पळून गेल्यावरसुद्धा वाटेत त्यांनी काय वाचलं, तर तीच स्वीडनची पत्रं. तुम्ही तीनदा वाचलेल्या त्याच प्रवासाची! हे मला कळलं तेव्हा त्या मुलीकडे बघायची माझी नजर जरा बदलली, कारण आपली आई कशी बोलायची हे ऐकायला तिच्याकडे त्या पुस्तकांशिवाय दुसरं काही नव्हतंच.

सतराव्या वर्षी तिला पहिलं मूल झालं, दिवस भरायच्या आधीच, १८१५ च्या फेब्रुवारीत, आणि दोन आठवड्यांत गेलं. त्या मुलीने नंतर रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलंय, की बाळ मेलंच नव्हतं, नुसतं गारठलं होतं, आम्ही शेकोटीपाशी चोळून चोळून त्याला ऊब दिली आणि ते जगलं. आणि मग जाग आली. पुढच्याच वर्षी, १८१६ च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी तिने फ्रँकेनस्टाइन लिहायला घेतलं, निर्जीव देहात जीव आणणाऱ्या आणि मग त्याला टाकून देणाऱ्या माणसाची गोष्ट. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तुमचा राग घेऊनच ही प्रकरणं वाचा, हरकत नाही. फक्त राग येतो म्हणून पानं उलटून पुढे जाऊ नका, कारण हे स्वप्न त्याच पानांत आहे.

आणि ही मुलगी पळून गेली तेवढ्यावर संपत नाही. पर्सी १८२२ मध्ये समुद्रात बुडून गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची, चारपैकी एकच मूल हयात, आणि पुढची जवळजवळ एकोणतीस वर्षं ती लेखणीवर जगली. सासऱ्याने तुटपुंजी रक्कम दिली ती अट घालून, पर्सीचं चरित्र लिहायचं नाही. तिने चरित्र नाही लिहिलं. पण १८३९ मध्ये त्याच्या कवितांचा संग्रह काढला आणि कवितांना टिपा जोडल्या, आणि कविता कुठे, कधी, कशा परिस्थितीत लिहिली हे सांगता सांगता त्या टिपांमधून त्याचं आयुष्य लिहून काढलं. मला ही बाई तिच्या तरुणपणापेक्षा इथे जास्त आवडते, आणि तुम्ही अजून तिच्यापर्यंत पोचलाच नाहीत.

आता प्रत्यक्ष वाचायचं कसं ते सांगते, आणि हे असं जाड जोडचरित्र घेऊन अडकलेल्या सगळ्यांनाच उपयोगी पडेल, कारण अशी पत्रं मला बऱ्याच जणांची येतात.

पहिलं म्हणजे नावं. तुमचा गोंधळ होतो यात तुमचा काही दोष नाही, या घराण्यात नावंच तशी आहेत. दोन मेरी, वर सावत्र आईचं नाव मेरी जेन. फॅनी दोन, एक आई मेरीची जिवाभावाची मैत्रीण फॅनी ब्लड, ती १७८५ मध्ये लिस्बनला बाळंतपणात गेली, आणि दुसरी तिच्याच नावावरून नाव ठेवलेली मुलगी फॅनी. विल्यम म्हणजे गॉडविन आणि विल्यम म्हणजे मेरी शेलीचा मुलगा पण. क्लेअर ही सावत्र बहीण, लहानपणी तिला जेन म्हणायचे, आणि क्लारा ही मेरीची मुलगी. कुणाचंही डोकं फिरेल. तेव्हा पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद घ्या, डावीकडे आई, उजवीकडे लेक, त्यांच्याखाली त्यांची माणसं, प्रत्येकासमोर जन्म-मृत्यूचं साल आणि "ही कोण" असे दोन शब्द. तोच कागद बुकमार्क म्हणून वापरा. हा कागद स्वतःच्या हाताने लिहा, नेटवरचा तयार वंशवृक्ष छापून घेतला तर तो डोक्यात राहत नाही.

मग पानांचा धसका. अशा चरित्रात शेवटचा बराच मोठा भाग टिपा, संदर्भ आणि सूचीचा असतो. मजकूर नेमका कुठल्या पानावर संपतो ते बघा आणि तिथे एक खूण घाला, तुम्हाला वाटतंय तेवढं उरलेलंच नसणार. आणि रोज इतकी पानं असं ठरवू नका, एक आईचं प्रकरण आणि एक मुलीचं अशी जोडी धरा आणि जोडी झाली की थांबा, मग त्याला एक दिवस लागो नाहीतर चार.

फक्त आईचीच प्रकरणं सलग वाचली तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. चालेल, आणि बरेच जण वाचतातही तसं. मी स्वतः पहिल्यांदा तसंच केलं, आधी सगळी आई मग सगळी मुलगी, गोंधळ अजिबात झाला नाही, पण एक गोष्ट हातातून गेली. आलटूनपालटून वाचताना होतं काय की आई अजून पंचविशीत धडपडतेय आणि शेजारच्या प्रकरणात तिची मुलगी तिच्या कबरीशी बसलीये, दोघी जवळजवळ एकाच वयाच्या होतात. ज्या दोघींना प्रत्यक्षात अकरा-बारा दिवसच एकमेकींचे मिळाले त्यांना एकत्र बसवायचा हा एकच मार्ग चरित्र लिहिणाऱ्या लेखिकेकडे होता. म्हणून दुसऱ्या वेळी मी छापलेल्या क्रमाने वाचलं. तुम्ही निम्म्याच्या पुढे आहातच, आता क्रम मोडू नका असं माझं मत.

ऑडिओबुक मी या पुस्तकासाठी नाही सुचवणार. दोन मेरी कानांनी वेगळ्या ठेवणं फार अवघड जातं, मागे जाऊन नाव बघता येत नाही. एकदा वाचून झालं की मग काम करता करता ऐकायला छान आहे.

आणि खरंच पुढे सरकवतच नसेल तर चरित्र आठवडाभर बाजूला ठेवून ती स्वीडनची पत्रं मूळ वाचा. छोटं पुस्तक आहे, कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट मिळतं. गॉडविन ते वाचूनच तिच्या प्रेमात पडला असं म्हणतात, निदान त्याने स्वतः लिहिलंय की एखाद्या लेखिकेच्या प्रेमात पाडणारं पुस्तक कुठलं असेल तर हे. त्या प्रकरणात तुम्हाला जे धरून ठेवतंय ते तिथे तिच्या स्वतःच्या आवाजात आहे. तीनदा तिच्याबद्दल वाचलंत, एकदा तिलाच वाचा.

एक काळजीची गोष्ट पण सांगते. या पुस्तकात मरणं खूप आहेत, लहान मुलांची आहेत, आणि जीव दिलेल्या माणसांची आहेत, त्यात फॅनीही आहे, ती लहानगी जिच्याविषयी आई नॉर्वेहून लिहीत होती तीच, १८१६ च्या ऑक्टोबरात, बावीस वर्षांची. हे मी मुद्दाम आधीच सांगतेय, कारण तुम्हाला ते अचानक समोर यायला नको. मन आधीच जड असेल त्या दिवशी ही प्रकरणं उघडू नका. आणि अशी पानं वाचून स्वतःबद्दलच काळे विचार यायला लागले तर पुस्तक बंद करून कुणाशी तरी त्याच दिवशी बोला, घरच्यांशी नाहीतर डॉक्टरांशी.

आता लेक.

तुम्ही धरून चालला आहात की ती पुस्तकाची परीक्षा घ्यायला येतेय. दर रविवारी "कुठपर्यंत आलीस" विचारते ते तुम्हाला मास्तरांसारखं वाटतं. जरा तिच्या बाजूने बघा, लांब राहणाऱ्या मुलीला आईशी बोलायला रोजचं जेवण, तब्येत, झोप यापलीकडचा एक विषय हवा होता, तिने तो शोधून काढून पाठवला. तिला पान नंबर नकोय. आणि नेटवरचं मत ऐकून तिला काहीच कळलं नसेल असंही समजू नका, तुमचं बोलणं ती तेवीस वर्षं ऐकतेय.

म्हणून महिन्याभरात रेटून संपवू नका. रेटून संपवलंत तर ती येईल तेव्हा तुमच्याकडे बोलायला सगळं असेल आणि मनातलं काहीच नसेल. खरं सांगा, आणि ती घरी यायची वाट न बघता, येत्या रविवारीच, कारण समोर बसून पहिला तास त्या कबुलीत गेला तर तो दोघींनाही जड जाईल. लांबलचक माफी नको. साधं एवढं म्हणा, "अगं, मी तुला संपलं म्हणाले ना, ते खरं नव्हतं. मी स्वीडनपाशी थांबलेय, तिथलं तीनदा वाचलं. पुढे ती आई मेरी जाणार ते वाचवत नाहीये मला." बास. ती थोडी चिडेल कदाचित, आधी का नाही सांगितलंस म्हणेल. चिडू दे. मग तिलाच विचारा, की तुला यातलं कुठलं प्रकरण पुन्हा वाचावंसं वाटलं. तुमच्या रागाबद्दलही बोला, सोळाव्या वर्षी पळून जाण्याबद्दल. तेवीस वर्षांच्या मुलीला त्याबद्दल काय वाटतं हे तुम्हाला नेटवर कुठेच सापडणार नाही. तिथे तुमचं पटलं नाही तरी चालेल.

राहिलं ते एक प्रकरण, आईच्या जाण्याचं. ते एकटीने वाचू नका असं मला वाटतं. ३० ऑगस्टच्या सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा गॉडविन जवळच दुसऱ्या जागेत लिहायला बसलेला, दिवसा तो तिकडेच काम करायचा, तर ही बाई घरून त्याला चिठ्ठ्या पाठवते. आज बाळ येणार यात शंका नाही असं कळवते आणि वर्तमानपत्र पाठव म्हणते, आणि एखादी कादंबरी आहे का विचारते, नुसती करमणुकीची, वेळ जायला. कळा देताना! मग रात्री मुलगी होते, वार पडत नाही, डॉक्टर हाताने काढतात, ताप चढतो, आणि पुढचे दिवस ते घर कसं आशेवर आणि भीतीवर झुलतं ते सगळं तिथे आहे. गॉडविन रोजनिशी ठेवायचा, अगदी मोजक्या शब्दांची. १० सप्टेंबरला त्याने फक्त वेळ लिहिली, आठला वीस मिनिटं कमी, आणि पुढे नुसत्या रेघा ओढल्या.

तोपर्यंतचं सगळं सावकाश वाचून ठेवा, मुलीची प्रकरणं पण, आणि हे एक राहू द्या. लेक आली की एका दुपारी पुस्तक तिच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही बाजूला बसून ऐका. मधे तिचा आवाज अडकला तर पुढचं तुम्ही वाचा.